तीर्थ कोण औषधात धरतं?

मला कावीळ झाली हे सगळ्यात आधी शेजारणीला कळलं, मग भाजीवाल्याला, मग ऑफिसातल्या शिपायाला आणि सगळ्यांत शेवटी मला. स्वतःचे डोळे स्वतःला दिसत नाहीत. शिवाय आमच्या न्हाणीघरातला आरसा इतका जुना आहे की त्यात धडधाकट माणूसही पिवळाच दिसतो.

शेजारची गुड्डी भाभी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, "काय जिज्जी, आँखें देखीं अपनी? एकदम हल्दी हो रईं!"

"नींद पूरी नहीं हुई, भाभी."

"नींद सें कोऊ पीरो परत का?"

झोपेने कुणी पिवळं पडतं का, हे तिचं म्हणणं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. महिनाभर अन्नावरची वासना उडाली होती, जिना चढताना अर्ध्यात बसावं लागत होतं, अंगाला विनाकारण खाज सुटत होती. या सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं: वय झालं. पन्नाशी उलटली की बायका प्रत्येक दुखण्याचं खापर वयावर फोडतात. वय बिचारं उलटून बोलत नाही.

हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही. आमच्यासारख्या घरांत जे आजार होतात, त्यांत कधी कधी घरच्यांची मायाच औषधासारखी पोटात जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या तर आलंच नाही. म्हणून लिहितेय.

आम्ही दोघं

झाशीत खंडेराव गेटजवळ आमचं घर आहे. खालच्या मजल्यावर फोटोकॉपीचं दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे, अण्णा. सासरची मंडळी कितीतरी पिढ्यांपूर्वी पूजाअर्चा करायला म्हणून दक्षिणेतून इकडे आली आणि परत जायचं राहून गेलं. मी सांगलीची; लग्न होऊन आले आणि माझंही राहून गेलं. मी सरकारी कार्यालयात कारकून आहे. इकडे कारकुनाला बाबू म्हणतात. बाईला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

माझे यजमान, सुधीर, करोनाच्या त्या दुसऱ्या लाटेत गेले. लेक ऋता नोकरीसाठी बंगळूरला. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलायला लागली की वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोहोचतं. त्यामुळे घरात धड मराठी बोलणारी दोनच माणसं उरली. त्यातली एक ऐंशी ओलांडलेली, आणि दुसरीला सासऱ्यांशी काय बोलावं ते सव्वीस वर्षांत नीट उमगलेलं नाही.

आमचं बोलणं म्हणजे सकाळची एक हाक. "सूनबाई, तीर्थ!"

घरामागे कडुनिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली आहे. इकडे तिला गिलोय म्हणतात. कडुनिंबावरची गिलोय सगळ्यांत गुणी, असं सगळेच सांगतात. सुधीर गेल्यानंतर अण्णांनी एक नवं सुरू केलं. संध्याकाळी वेलीचा बोटभर तुकडा तोडायचा, खलबत्त्यात ठेचायचा, तांब्याच्या फुलपात्रात भिजत घालून देवांपुढे झाकून ठेवायचा. सकाळी पूजा झाली की ते पाणी गाळून, त्यात तुळशीचं पान घालून, तीर्थ म्हणून आधी मला आणि मग स्वतः. अकाली मरण टळो, सगळ्या व्याधी जावोत, अशा अर्थाचा मंत्र म्हणत अण्णा पळीने माझ्या ओंजळीत ते घालायचे. त्यांचा आवाज त्या मंत्रात नेमका एका जागी अडखळायचा. कुठल्या ते सांगायला नको.

ते पाणी इतकं कडू की माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं.

"तोंड वाकडं करायचं नाही. तीर्थ आहे."

एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली आणि पळीची वाटी झाली. तीर्थाला नाही कसं म्हणायचं? मी वाटी संपवायची, ओला हात डोक्यावरून फिरवायची आणि ऑफिसला पळायची.

माळ

डोळे पिवळे झाल्यावर गुड्डी भाभी मला दतिया गेटकडच्या एका बाबांकडे घेऊन गेली. त्यांनी कसल्याशा बारीक काड्या दोऱ्यात गुंफलेली माळ माझ्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवली. ही माळ आपोआप वाढत जाते, कावीळ शोषून घेते, गळ्यातून खाली उतरली की पीलिया गेला, असं कळलं. मी ती माळ डोक्यावर घालून ऑफिसात बसले. साहेबांनी सही करताना दोनदा वर पाहिलं आणि काही विचारलं नाही.

माळ खरंच लांब झाली. कावीळही लांबली. गाठी सैल मारलेल्या होत्या, काड्या वाळून सुटत होत्या, एवढं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी ऋताला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. आपण शिकलेल्या, आपल्याला असलं काही फसवू शकत नाही, अशा थाटात. आणि फोन ठेवून, संध्याकाळी अण्णांनी मुद्दाम आणून दिलेली तीर्थाची जास्तीची वाटी प्यायले. कावीळ झाली म्हणून त्यांनी ती दोन वेळा केली होती.

"साथ में कौन है?"

रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितलं. पोटाच्या विकारांच्या त्या डॉक्टर, माझ्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी सगळं विचारलं. कुठली औषधं? थायरॉईडची गोळी. दारू? मी इतकी दचकले की त्याच हसल्या. कोई देसी दवा, काढ़ा, चूर्ण? मी माळेचं सांगितलं. त्यांनी मान हलवून लिहून घेतलं. पुढे विचारलं, और कुछ? मी म्हटलं, कुछ नहीं.

मी खोटं बोलले नाही हो. त्यांनी दवा विचारली होती.

दवाखान्यात एक प्रश्न औषधांपेक्षा जास्त वेळा मिळतो. दाखल करताना, खाट देताना, रक्त काढताना, सोनोग्राफीच्या दाराशी: "साथ में कौन है?" शेजारच्या खाटेवरच्या बाईंबरोबर सासर, माहेर आणि दोन्हींकडचे व्याही होते. माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर अण्णा होते, हातात छत्री, गळ्यात मफलर. वॉर्डात बायकांमध्ये यायचा त्यांना संकोच. ते दारातूनच विचारायचे, "बरं आहे ना?" मी म्हणायची, "हो, बरं आहे." एवढ्यावर आमचा दिवस निघायचा.

पहिल्याच सकाळी ते एका बाटलीतून तीर्थ घेऊन आले होते. फाटकावरच्या गार्डने बाटली आत जाऊ दिली नाही. अण्णा फार हिरमुसले. "इथं देवाचंही चालत नाही म्हणे," एवढंच म्हणाले.

ऋता आली, खाटेशेजारी लॅपटॉप उघडून काम करत राहिली. "आई, तू टेन्शन मत ले, मी आहे ना." ती होती, पण तिच्या कानात सतत दुसरंच कुणी बोलत असायचं. सुट्टी संपली तशी गेली. जाताना खूप रडली. तिला गप्प करता करता माझं रडायचं राहिलं.

एकटेपणा म्हणजे काय ते मला तिथे समजलं. दुखणं मराठीत व्हायचं आणि सांगायचं हिंदीत. मळमळतंय हे सांगता यायचं. पण दिवेलागणीला जी हुरहूर लागायची, तिला मला शब्द सापडायचा नाही. सिस्टर विचारायची, "दर्द है?" मी म्हणायची, "नहीं." ती पुढच्या खाटेकडे जायची.

शेजारच्या बाईंच्या जाऊबाईंनी मात्र एकदा काही न विचारता माझ्या ताटलीत लौकीची, म्हणजे आपल्या दुधीची, भाजी वाढली. तिला मीठ नव्हतं, तेल नव्हतं. मी ताटली पुसून खाल्ली.

आणि गंमत म्हणजे मी बरी व्हायला लागले. काविळीच्या नेहमीच्या विषाणूंच्या तपासण्या सगळ्या कोऱ्या आल्या. डोळे निवळले. डॉक्टर म्हणाल्या, कारण सापडलं नाही, पण आकडे उतरतायत, घरी जा, सांभाळा.

घरी अण्णांनी तीर्थ तयारच ठेवलं होतं. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून वाटी काठोकाठ.

वाचणाऱ्यांना एव्हाना कळलं असेल. मला कळायला आणखी एक कावीळ लागली.

घरात काय आहे?

दुसऱ्यांदा दाखल झाले तेव्हा मी ऋताला कळवलं नाही. तिला सुट्टी उरली नव्हती आणि मला तिला पुन्हा गप्प करायचं बळ नव्हतं. या वेळी आकडे पहिल्यापेक्षा वाईट होते. डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर बसल्या की माणसाने घाबरावं, एवढं तोवर मी शिकले होते.

"वसुधा जी, यहाँ आती हैं तो सुधरने लगती हैं, घर जाती हैं तो बिगड़ जाती हैं. घर में ऐसा क्या है जो यहाँ नहीं है?"

"ससुर जी," मी म्हटलं.

सिस्टर खुदकन हसली. डॉक्टर हसल्या नाहीत. "और?"

"और क्या... घर का खाना. पूजा-पाठ."

"पूजा में कुछ पीती हैं?"

"चरणामृत."

"उसमें क्या होता है?"

"पानी. तुलसी." आणि मग माझ्याच तोंडातून, जणू दुसरंच कुणी बोलल्यासारखं: "गिलोय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कितनी?"

मी हाताने वाटी दाखवली.

"कब से?"

"मेरे पति गए तब से."

 त्यांनी अगदी सावकाश सांगितलं. हे झाड म्हणजे विष नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक घेतात, तापात, अशक्तपणात, आणि पुष्कळांना काही होत नाही. पण काहींचं शरीर त्याने भडकतं आणि स्वतःच्याच यकृतावर उठतं. थायरॉईडसारखं दुखणं आधीपासून असेल तर धोका जास्त. असे रुग्ण त्यांनी आधीही पाहिले होते. खात्रीसाठी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागेल, आणि यापुढे एक थेंबही नाही. "एक बार और हुआ, तो शायद मैं कुछ न कर पाऊँ."

तो तुकडा सुईने काढतात; त्याबद्दल मी कुणाला खोटं सांगणार नाही. दुखलं थोडं, भीती फार वाटली. नंतर उजव्या कुशीवर न हलता पडून राहायचं होतं. समोर भिंत होती. भिंतीवर हात धुवायच्या पायऱ्या दाखवणारा तक्ता होता. तो मला अजून पाठ आहे.

पण सुईपेक्षा मोठी भीती बाहेर बाकावर छत्री घेऊन बसली होती. अण्णांना हे सांगायचं कसं? मुलगा वाचला नाही. सून तरी आहे, ती आपल्या तीर्थाने, या एका समजुतीवर तो माणूस रोज पहाटे उठून थंड पाण्याने अंघोळ करत होता. ती समजूत काढून घेतली तर त्यांनी उठायचं तरी कशासाठी?

मटार

तपासणीचा निकाल डॉक्टरांच्या शंकेसारखाच आला. स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. चेहरा असा गोल झाला की गुड्डी भाभी म्हणाली, "जिज्जी, बीमारी में तो मोटी हो गईं." घरी आल्यावर पहिल्या सकाळी हाक आली. मी म्हटलं, "अण्णा, ठेवा, नंतर घेते." आणि तुळशीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही. सरकारी नोकरीत टाळाटाळीचा एवढा सराव झालेला, पण ओला हात डोक्यावरून फिरवून खोटं बोलणं मला जड जायला लागलं.

ऋताला अखेर सगळं सांगितलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, "तू नहीं बताएगी तो मी सांगते अण्णांना. पण माझ्या मराठीत सांगितलं ना, तो उनको और लगेगा. तूच सांग."

अण्णा सज्जात मटार सोलत होते. मी समोर बसले, एक शेंग हातात घेतली आणि सांगून टाकलं. मोठी प्रस्तावना तयार केली होती. त्यातलं काही आठवलं नाही. "अण्णा, माझी कावीळ गुळवेलीने झाली. डॉक्टर म्हणाल्या. तुम्हाला चालते, मला चालत नाही. सगळ्यांना होतं असं नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. आणखी चार शेंगा सोलून म्हणाले, "म्हणून तुळशीत ओतत होतीस."

"तुम्ही पाहिलंत?"

"मला वाटलं, कडू लागतं म्हणून."

मी काहीतरी विनोद करायला गेले, माझ्याच शरीराला शिस्त नाही वगैरे. ते हसले नाहीत. सोलणं चालूच होतं. जरा वेळाने मी पाहिलं, तर दाणे आणि सालं एकाच भांड्यात पडत होती.

हाक

त्यानंतर सकाळची हाक बंद झाली.

अण्णा देवघराचं दार लोटून पूजा करायचे. त्यांनी स्वतःही गुळवेल सोडली. खलबत्ता फडताळात गेला. जेवणं व्हायची, भांडी व्हायची. माझे आकडे उतरत होते. प्रत्येक तपासणीचा कागद मी त्यांना वाचून दाखवायची. ते म्हणायचे, "बरं."

आजारात इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान ओंजळ पुढे करायला कुणीतरी सांगायचं. आता मी बरी होत होते आणि घरात मराठीचा एक शब्द पडायला दिवस जायचा. ऑफिसातून येताना मी मुद्दाम पायऱ्यांवर पाय वाजवायची, कुणीतरी "आलीस?" म्हणावं म्हणून. आतून टीव्हीवरच्या हिंदी बातम्या ऐकू यायच्या.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच असतं, दर्द है?

मग एका दुपारी गुड्डी भाभी जिन्यावरून हाका मारत आली. तिच्या नवऱ्याला शुगर निघाली होती, कुणीतरी गिलोय सांगितली होती, आणि आमच्या वेलीचे तुकडे अण्णांनी आजवर सगळ्या गल्लीला वाटले होते. मी स्वयंपाकघरात होते. 

"देने को दे देंगे, बेटा," अण्णांचा आवाज आला. "पर पहले सुन लो. हमारी बहू को इसी से पीलिया हुआ. हमारे हाथ से."

"अरे नईं अण्णा जी! काऊ की नजर लगी हुइए."

"नज़र नहीं. गिलोय." शाळेत मास्तर होते, तो जुना आवाज लागला. "हमने खुद बरसों पी, हमें कुछ नहीं हुआ. तुम्हारे आदमी को भी शायद न हो. पर वो शुगर की गोली खाएगा, ऊपर से ये... पहले उसके डॉक्टर को बताओ. पूरा बताओ. कितनी, कब, किसके साथ. डॉक्टर हाँ बोले तो आ जाना, मैं खुद काट के दूँगा."

"हओ," भाभी म्हणाली आणि रिकाम्या हाताने गेली.

जे मला मराठीत सांगायला त्यांना जमलं नव्हतं, ते त्यांनी हिंदीत, उघड्या जिन्यात, गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. मी कढईत उलथनं हलवत राहिले. कढईत काहीच नव्हतं.

मी कुणाला गुळवेल घ्या म्हणत नाही, घेऊ नका असंही नाही. तो माझा अधिकार नव्हे. एवढंच म्हणते, डॉक्टर विचारतील तेव्हा सगळं सांगा. काढा सांगा, चूर्ण सांगा, सासूबाईंचा काळा लाडू सांगा. देवापुढचं पाणीसुद्धा सांगा. आणि डोळे पिवळे झाले तर आरशावर भरवसा ठेवू नका, शेजारणीवर ठेवा.

पुढे एका सकाळी मी डबा भरत होते आणि देवघरातून हाक आली.

"सूनबाई, तीर्थ!"

मी डबा उघडाच ठेवला. गेले तर अण्णा हातात पळी धरून उभे होते. चेहऱ्याकडे न बघता म्हणाले, "नुसतं पाणी आहे. उकळून गाळलेलं. तुळससुद्धा नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या काही नको."

"तुम्ही त्यांना कधी विचारलंत?"

"काल. ऑटोने गेलो होतो, नंबर लावला."

मी ओंजळ पुढे केली. त्यांनी मंत्र म्हटला, नेहमीच्या जागी अडखळले, आणि पळी रिती केली. साधं, बेचव पाणी. तरी माझं तोंड सवयीने वाकडं झालं. अण्णा बघतच राहिले, आणि मग कितीतरी दिवसांनी हसले.

"एकटेच गेलात? एवढ्या उन्हात?"

"तिथल्या मुलीनेही तेच विचारलं. साथ में कौन है?"

"मग?"

"मग काय," अण्णा पुन्हा पळी भरत म्हणाले. "सांगितलं तिला, मरीज़ घर पे है. साथ में मैं हूँ."

मी हात पुढेच धरला. तीर्थ तीनदा घेतात.